खिळ्यांचे बूट, नंबर ४४: तीन हिवाळ्यांनंतर

आमच्या दाराशी चपलांच्या मांडणीत, अगदी खालच्या कप्प्यात, एक काळ्या रंगाचा उंच बुटांचा जोड आहे. नंबर ४४. तो माझा नाही, नवऱ्याचाही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुलासाठी घेतला, दोन हिवाळे त्याने वापरला, आणि तिसऱ्या हिवाळ्यात तो एका एकोणीस वर्षांच्या अमेरिकन पोराच्या पायात होता. हा पोरगा मॉर्मन चर्चचा प्रचारक म्हणून इथे ओउलूत आला होता. मुलाच्या दोन वर्षांत या बुटांबद्दल मला जे कळलं नाही ते त्या पोराच्या दोन महिन्यांत कळलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आपल्याकडची बरीच मुलं आता शिकायला थंड देशांत येतात. त्यांच्या आया जॅकेट कुठलं घ्यायचं ते मला विचारतात, बुटांचं कुणी विचारत नाही.

ओउलू म्हणजे फिनलंडच्या उत्तरेकडचं, बोथनियाच्या आखाताच्या वरच्या टोकाचं शहर. आम्ही इथे २०१२ पासून आहोत. मी एका पाळणाघरात काम करते. इथल्या पाळणाघरांत थंडी असली तरी मुलांना रोज बाहेर खेळायला नेतात, त्यामुळे हिवाळ्यात उभं राहणं म्हणजे काय ते मला नोकरीमुळेच माहीत आहे. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आधी वस्तू. फिनिश भाषेत यांना 'नास्ताकेंगॅत' म्हणतात, म्हणजे खिळ्यांचे बूट. तळव्याच्या रबरात टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे बसवलेले असतात. हिवाळ्यात सायकलच्या टायरला बसवतात तसेच. आमच्या जोडात एका बुटाला १७ खिळे होते, पुढच्या भागात ११ आणि टाचेला ६. प्रत्येकाचं बाहेर आलेलं टोक साबुदाण्याच्या दाण्यापेक्षाही लहान. हातात घेतल्यावर वाटतं, एवढ्याशा टोकांनी काय होणार? वरचा भाग जाड कापडाचा, पाणी आत न येणारा, आतून मऊ अस्तर, घोट्याच्या वरपर्यंत लेस. सेलमध्ये १६९ युरोला मिळाले. मुलगा ते घालून घरापासून बसथांब्यापर्यंत आणि बसथांब्यापासून कॉलेजपर्यंत जायचा. दोन हिवाळ्यांत एकदाही पडला नाही, एकदाही तक्रार केली नाही. तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून पाचपैकी पाच दिले असते. नंतर तो शिकायला तांपेरेला गेला, तिकडे दुसरे घेतले, आणि हे मांडणीत राहिले.

नोव्हेंबर २०२३. दोन दिवस बर्फ पडून तुडवला गेला होता, मग पारा शून्याच्या वर सरकला आणि बर्फावर पाऊस झाला. असल्या दिवसाला इथे शब्दच आहे, 'पॅकाल्लोकेली', म्हणजे कवटीचं हवामान. इथलं हवामान खातं पायी चालणाऱ्यांसाठी निसरड्याचा वेगळा इशारा देतं. नवीन माणसाला वाटतं जितकी थंडी जास्त तितकं घसरणं जास्त. तसं नाही. उणे पंचवीसला बर्फ कोरडा असतो, पायाखाली करकरतो आणि बऱ्यापैकी धरून ठेवतो. हाडं मोडतात ती शून्याच्या आसपास, कारण तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि रबराला धरायला काही उरत नाही.

मी कामावरून येत होते. आमच्या इमारतीकडे येताना रस्त्याखालचा बोगदा लागतो, त्याचा उतार सगळ्यात वाईट. समोरून काळे कोट घातलेले, पाठीला बॅगा लावलेले दोन तरुण येत होते. उंच होता त्याचा पाय सटकला आणि तो जो आडवा झाला तो उताराच्या तळापर्यंत घसरत गेला. मी कठड्याला धरून उभी. तो उठला, तळहात पुसले, आणि मला फिनिशमध्ये म्हणाला, "माफ करा, तुम्ही घाबरलात का?" पडला तो, आणि माफी माझी मागतो. त्याच्या कोटावर काळी पट्टी होती, त्यावर 'वानहिन' आणि त्यापुढे आडनाव.

फिनिशमध्ये वानहिन म्हणजे सगळ्यात वडील. इंग्रजीत हे लोक एल्डर म्हणतात, त्याचा हा अनुवाद. चेहऱ्यावर अजून धड दाढी नाही अशा पोराच्या छातीवर 'वडील' लिहिलेलं पाहून मला कसंसंच झालं. त्यांच्यात पहिलं नाव वापरत नाहीत. दोन वर्षं तो सगळ्यांसाठी नुसता आडनावाचा एल्डर. मीही इथे नाव लिहीत नाही, एल्डरच म्हणते.

त्याच्या पायात जे बूट होते ते त्याच्या आईने अ‍ॅरिझोनात घेतलेले. फिनिक्सजवळच्या गावातला तो, वाळवंटातला. मुलाला फिनलंडला पाठवताहेत म्हटल्यावर त्या माउलीने मिळाले त्यातले सगळ्यात उबदार बूट घेतले. लेबलावर उणे चाळीसपर्यंत ऊब असं लिहिलेलं. ऊब होतीही. पण तळवा बघितला तर जाड, कडक, प्लॅस्टिकसारखा. रबर थंडीत कडक होतं, आणि हे मुळातच कडक होतं. वाळवंटातल्या आईला हे कुठून कळणार? मला तरी इथे आल्यावर पहिल्या वर्षी कुठे कळलं होतं? मनगट मोडता मोडता वाचलं होतं माझं.

ही मुलं कोण, कशासाठी येतात, हे थोडक्यात सांगते, कारण बुटांवर काय काय गुजरलं ते त्याशिवाय समजणार नाही. हे चर्च १८३० मध्ये अमेरिकेत जोसेफ स्मिथने सुरू केलं. लोक मॉर्मन म्हणतात. २०१८ पासून चर्चचं म्हणणं आहे की आमचं पूर्ण नाव घ्या, ते बरंच लांब आहे. फिनलंडमध्ये त्यांचं स्वतंत्र मिशन १९४७ मध्ये झालं, हेलसिंकीशेजारच्या एस्पोमध्ये २००६ पासून मंदिर आहे. मुलं अठरा ते पंचवीस या वयात कधीतरी दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. कुठल्या देशात जायचं ते स्वतः ठरवत नाहीत, पत्र येतं. पगार नाही. उलट अमेरिकेतल्या घरातून महिन्याला पैसे भरायचे, आधी ४०० डॉलर होते, जुलै २०२० पासून ५००. ते सगळ्यांचे एकत्र होतात आणि मुलांच्या हातात खर्चापुरते येतात. त्यातून १६९ युरोचे बूट सहज येत नाहीत. कायम दोघं बरोबर, एकट्याने कुठे जायचं नाही. सकाळी साडेसहाच्या सुमारास उठायचं, अभ्यास, मग बाहेर. रस्त्यावर लोकांशी बोलायचं, ओळखीच्यांकडे जायचं, कुणाचं सामान उचलायचं असेल तर उचलायचं. चहा-कॉफी नाही, दारू-सिगारेट नाही.

धर्माचं म्हणाल तर आमच्या घरी देवघर आहे, ते तसंच आहे. एकदा त्यांनी विचारलं, "आमच्या श्रद्धेबद्दल ऐकायला आवडेल का?" मी नाही म्हटलं. "ठीक आहे, मग काही काम असलं तर सांगा," म्हणाले, आणि तो विषय परत काढला नाही. मला त्यांचं हे आवडलं.

तर त्या दिवशी मी त्यांना घरी घेऊन आले. दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. नवरा घरी आहे का, विचारलं. नव्हता. मग ते जिन्यातच उभे राहिले, बाई एकटी असेल तर आत जायचं नाही असा त्यांचा नियम. मी बूट बाहेर आणून दिले. एल्डरने जिन्याच्या पायरीवर बसून ते घातले. त्याचा नंबर ४३, बूट ४४. हे उत्तम झालं. हिवाळी बूट एक नंबर मोठाच घ्यावा, जाड मोज्यांना आणि बोटं हलवायला जागा हवी. बोटं आवळली की रक्त फिरत नाही, मग कितीही महाग अस्तर असो, पाय गार पडणार. मी म्हटलं, "घेऊन जा, हिवाळा संपला की परत दे." तो घेईना. शेवटी त्याच्या जोडीदारानेच त्याला कोपराने ढोसलं.

आता पकड. या एका बाबतीत मी या बुटांना पूर्ण गुण देते. जोडीदाराच्या गुडघ्याला लागलेलं होतं, त्यामुळे त्या हिवाळ्यात दोघांनी सायकली ठेवून दिल्या होत्या. ओउलूत लोक भर हिवाळ्यातही सायकल चालवतात, पण ही दोघं पायी. ते राहायचे तुइरा भागात, आम्ही कैयोनहार्युला. फोनमध्ये रोजची पावलं मोजली जातात, एल्डरचे दिवसाचे १८,००० च्या खाली क्वचितच जायचे. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो बाहेर बर्फावर एकदाही पडला नाही. त्या बोगद्याच्या उतारावरून मी त्याला चालताना बघितलंय. आधी पेंग्विनसारखा पाय घासत चालायचा, आता टाच टेकवून नीट पावलं टाकत होता. टाचेला सहा खिळे असण्याचा अर्थ मला तेव्हा कळला. उतरताना सगळा भार आधी टाचेवर येतो. दुकानात काही जोड बघितलेत ज्यांना खिळे फक्त पुढच्या भागात असतात. ते घेऊ नका.

वरून चढवायच्या रबरी जाळ्याही मिळतात, स्वस्तात. थोडं चालायचं असेल त्याला ठीक. पण दिवसातून दहा वेळा इमारतीत आत-बाहेर करणाऱ्याने प्रत्येक दाराशी वाकून त्या काढायच्या आणि परत चढवायच्या, तेही उघड्या बोटांनी, हे होत नाही. दोन दिवसांत माणूस कंटाळतो, तिसऱ्या दिवशी घालत नाही, आणि चौथ्या दिवशी पडतो. एल्डरच्या जोडीदाराची एक जाळी बर्फात कुठेतरी गळून पडली, त्याला दिवसभर पत्ता नव्हता.

आता दोष सांगते. पहिला दोष घराच्या आतला. हे बूट बर्फावर जितके धरतात तितकेच गुळगुळीत फरशीवर सोडतात, कारण फरशीला रबराऐवजी धातूचं टोक टेकतं. इथल्या इमारतींचे जिने दगडी किंवा घोटलेल्या सिमेंटचे. एल्डर दोन महिन्यांत फक्त एकदा पडला, तो आमच्याच जिन्यात, दुसऱ्या मजल्यावरून उतरताना. कंबरेला चांगलंच लागलं. बाहेर सांभाळणारे बूट आत पाडतात हे कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं. तेव्हापासून तो जिन्यात कठडा धरून, पाय सपाट टेकवत उतरायचा.

आवाजही होतो. शांत जिन्यात टक टक टक. फिनिश माणूस आवाजाच्या बाबतीत फार हळवा. ही मुलं दार वाजवणार त्याच्या आधीच लोकांना कळायचं की कुणीतरी येतंय. एल्डर म्हणायचा, "काकू, लोकांना आत लपायला वेळ मिळतो." (काकू हे त्याला नवऱ्याने शिकवलं.) तो हे हसून सांगायचा, पण मी एकदा वरच्या मजल्यावरून ऐकलं होतं. टक टक, मग घंटी, मग थोडी शांतता, मग "एइ कीतोस", म्हणजे नको, धन्यवाद. मग शेजारचं दार. परत घंटी, परत तेच. कुणी ओरडलं नाही, कुणी अपमान केला नाही, फक्त एकामागून एक दारं बंद झाली. चार दारं झाल्यावर ते दोघं खाली उतरले आणि पुढच्या इमारतीकडे गेले. त्यांचं म्हणणं पटो न पटो, हे रोज करणं सोपं नाही.

आणि लेस. घोट्याच्या वरपर्यंत लेस, बाजूला चेन नाही. फिनलंडमध्ये कुणाच्याही घरात बूट काढूनच जायचं. ज्यांना रोज अनेक घरी जायचं असतं त्यांनी चेनवालाच जोड घ्यावा. गारठलेल्या बोटांनी ओली लेस सोडवताना मी त्याला बघितलंय, दोन-दोन मिनिटं लागायची.

पण सगळ्यात मोठा मुद्दा थंडीचा, आणि तो मुलाच्या दोन वर्षांत मला समजला नाही, कारण मुलगा चालत होता. चालताना पाय स्वतःच ऊब तयार करतो. हे बूट चालण्यासाठी बनवलेत, उभं राहण्यासाठी नाही. आणि प्रचारकाचं निम्मं काम उभं राहण्याचं असतं! दाराबाहेर उभं, बसथांब्यावर उभं, बाजारचौकात ओळख ना पाळख अशा माणसाशी बोलायला उभं. उणे पंधराला वीस मिनिटं एका जागी उभं राहिलं की खालून गारवा चढतो. डिसेंबरच्या सुरुवातीला एल्डरने आमच्याकडे मोजे काढले (नवरा घरी होता म्हणून आत आलेले), तर उजव्या पायाच्या तीन बोटांची टोकं पांढरी, मेणासारखी. दाबली तर म्हणतो, काही कळत नाही. मी पाळणाघरात ही बोटं ओळखायला शिकले आहे. चोळायची नाहीत, शेगडीजवळ धरायची नाहीत. कोमट पाण्यात ठेवायची. रंग परत यायला लागला तशी आग सुरू झाली, तो दातओठ खाऊन गप्प बसला. मी त्याला आलं-गूळ घालून गरम दूध दिलं. चहा चालत नसला तरी दूध चालतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या. आतला पातळ तळवा काढून टाकला आणि त्या जागी जाड लोकरीचा नमदा घातला. इथे कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतो, दहा युरोच्या आत. आणि त्याचे सुती मोजे बंद केले. एक पातळ मोजा, त्यावर हाताने विणलेला लोकरीचा. सुती मोजा घाम शोषतो आणि ओलाच राहतो, हिवाळ्यात त्याच्यासारखा वैरी नाही. त्यानंतर बोटं परत पांढरी झाली नाहीत. म्हणजे १६९ युरोच्या बुटात जे कमी होतं ते दहा युरोच्या नमद्याने भरून निघालं. हा नमदा कंपनीने आधीच का घालू नये, हा माझा प्रश्न आहे.

कंपनीला मी पत्रही लिहिलं. डिसेंबरच्या मध्यात डाव्या टाचेचे दोन आणि उजव्या बुटाचा एक असे तीन खिळे गळून पडले होते. तीन हिवाळ्यांत तीन खिळे, हे खरं तर फार नाही. पण डाव्या टाचेचे दोन शेजारशेजारचे होते, आणि तिथे पाय फिरल्यासारखा व्हायचा. खिळे गळणं ही नेहमीची झीज आहे, हमीत बसत नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. झीज समजू शकते, पण खिळे परत कुठे बसवून मिळतात एवढं तरी सांगायचं. ते मला शेजारच्या आजींनी सांगितलं. इथले मोची नवे खिळे बसवून देतात.

त्या आजींबद्दल सांगायला हवं. आमच्या मजल्यावर राहतात, वय ऐंशीच्या पुढे, यजमान गेलेले. हिवाळ्यात त्या पोत्कुरी घेऊन दुकानात जातात, ती लोखंडी पट्ट्यांवर घसरणारी खुर्ची असते, मागून एक पाय मारत ढकलायची. त्यांना या मुलांचं धर्माचं काही नको होतं, पण मुलांनी त्यांचं नाताळचं झाड तळघरातून वर आणून दिलं होतं, तेव्हापासून बोलणं होतं.

२४ डिसेंबरला इथे खरा नाताळ. त्या वर्षी तो रविवारी आला. सूर्य साडेदहाच्या सुमारास वर येतो आणि दोनच्या सुमारास मावळतो, तोही क्षितिजाला चिकटूनच असतो. दुपारी १२ वाजता तुर्कू शहरातून नाताळच्या शांततेची घोषणा होते, ती सगळा देश टीव्हीवर बघतो. मग शहर मिटतं. दुकानं बंद, बसगाड्याही हळूहळू थांबतात. आणि संध्याकाळी लोक दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. आजींना इंतिओच्या दफनभूमीत जायचं होतं. त्यांचा मुलगा यायचा होता, तो रस्त्यात अडकला. नवरा गाडी चालवणार होता, पण गाडीतून उतरल्यावर आतल्या वाटेने आजींना धरून नेणार कोण? माझे स्वतःचे बूट बिनखिळ्यांचे. एल्डर आणि त्याचा जोडीदार सकाळची प्रार्थना करून त्यांच्या चर्चमधल्या एका कुटुंबाकडे जेवले होते आणि पायी घरी निघाले होते. मी फोन केला. ते लगेच आले.

ती वाट मला अजून दिसते. आत मुख्य रस्त्यावर खडी टाकलेली होती, पण आजींच्या यजमानांकडे जाणारी बाजूची वाट नुसता तुडवलेला बर्फ, वर कुणाच्या तरी मेणबत्त्या वितळून परत गोठलेल्या. दोन्ही बाजूंना शेकडो ज्योती, बर्फ खालून पिवळा झालेला. एल्डरने आजींना उजव्या हाताने कंबरेपाशी धरलं होतं, डाव्या हातात त्यांचा कंदील. मी मागून त्याच्या पायांकडे बघत होते. टाच टेकली की खर्र असा बारीक आवाज, मग पाय तिथेच. एका ठिकाणी आजींचा पाय सुटला आणि त्यांचा सगळा भार त्याच्यावर आला. तो हललाही नाही. दोन माणसांचं वजन त्या साबुदाण्याएवढ्या टोकांनी पेललं, तीन खिळे गळालेले असताना. मला श्वास घ्यायचं लक्षात आलं तेव्हा आजी थडग्यापाशी पोचल्या होत्या.

त्यांनी कंदील ठेवला, बर्फ हाताने बाजूला केला, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. एल्डर टोपी काढून उभा होता. उणे बारा होतं. मी खुणेने त्याला टोपी घालायला सांगितली, त्याने मान हलवली. परतताना आजींनी विचारलं, "तुझी आई आज काय करत असेल?" त्याने घड्याळ बघितलं. आमच्याकडे संध्याकाळचे पाच वाजत आलेले, तिकडे सकाळचे आठ. "भावंडांना उठवत असेल," म्हणाला, आणि मग पुढे काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी, २५ ला, त्याने घरी व्हिडिओ कॉल केला. आता या मुलांना दर आठवड्याला घरच्यांशी बोलता येतं. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत तसं नव्हतं. वर्षातून फक्त दोनदा फोन, एक नाताळला आणि एक मातृदिनाला. बाकी पत्रं आणि ईमेल. हे त्याने सांगितलं तेव्हा मला त्या सगळ्या आधीच्या आयांची आठवण झाली. वर्षातले दोन फोन! मुलगा तांपेरेहून दोन दिवस बोलला नाही तर माझा जीव खालीवर होतो. एल्डरने कॉलमध्ये कॅमेरा खाली करून आईला बूट दाखवले, उलटे करून खिळेही दाखवले. तिने माझ्यासाठी निरोप दिला होता, तो त्याने कागदावर उतरवून आणला: मी त्याला ऊब घेऊन दिली, पकड तुम्ही दिलीत. तो कागद बुटांच्या वरच्या कप्प्यात, किल्ल्यांच्या वाटीत आहे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात थंडीने कहर केला. ५ जानेवारी २०२४ ला उत्तरेत एनोन्तेकिओला उणे ४४.३ नोंदलं गेलं. आमच्या गॅलरीतला पारा उणे तीसच्या खाली होता. त्या दिवसांत बुटांचा शेवटचा दोष बाहेर आला. डाव्या बुटाच्या चवड्यापाशी तळव्याचा डिंक सुटला आणि बोटभर फट पडली. सतत चवडा वाकतो तिथेच. एवढ्या थंडीत आत शिरायला पाणीच नव्हतं म्हणून बचावला. रोज रात्री तो बूट वाळवायला हीटरला टेकवून ठेवत होता, हे मला नंतर कळलं. डिंक त्यानेही सुटला असणार, म्हणून यात सगळा दोष कंपनीला देत नाही. ओले बूट कधीही हीटरवर ठेवू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे, सकाळपर्यंत कोरडे. तळवा आणि नमदा वेगळे काढून वाळवायचे.

जानेवारीच्या मध्यात त्याची बदली झाली. त्यांच्यात दर सहा आठवड्यांनी बदल्या ठरतात, कधी राहतात, कधी जातात. त्याला दक्षिणेत पाठवलं. जायच्या आदल्या संध्याकाळी तो बूट घेऊन आला. मी म्हटलं, ठेव. तर म्हणाला, "काकू, तिकडे कमी बर्फ, आणि इथे माझ्या जागी कुणीतरी येणारच." बूट पुसलेले, लेस धुतलेली, आत नवे वर्तमानपत्राचे बोळे. नमदाही परत ठेवलेला. मग जुने, आईने घेतलेले बूट घालून पेंग्विनसारखा जिना उतरून गेला. जिन्यात टक टक नव्हती. मी दार लावलं तरी कान तिकडेच होते.

फेब्रुवारीत मी बूट मोच्याकडे नेले. तीन नवे खिळे, चवड्याचा डिंक, टाचेला एक टाका, सगळं मिळून २८ युरो. काम चोख. आता नवीन घ्यायचे झाले तर मी हाच जोड घेईन का? पकडीसाठी हो. पण ज्याला बाहेर उभं राहायचं आहे त्याने सोबत नमदा त्याच दिवशी घ्यावा, आणि चेनवाला मिळाला तर तोच बघावा. दुकानात गेलात तर आधी बूट उलटा करा. टाचेत खिळे मोजा, चारपेक्षा कमी असतील तर परत ठेवा. अंगठ्याने रबर दाबून बघा, दबलं पाहिजे. ऊब किती लिहिली आहे ते शेवटी वाचा. आणि भारतातून, किंवा कुठल्याही गरम गावातून, हिवाळी बूट घेऊन येऊ नका. जॅकेट आणा, टोपी आणा, बूट इथे आल्यावर घ्या, पहिल्या बर्फाच्या आत.

गेल्या आठवड्यात ओउलूत या वर्षीचा पहिला बर्फ पडला. शनिवारी दुपारी घंटी वाजली. नवरा घरी होता. दारात काळ्या पट्ट्या लावलेली दोन नवी पोरं, दोघांचे गाल लाल. बुटका होता तो फिनिश शब्द जुळवत म्हणाला की ते रस्त्यावरच्या लोकांना मदत करतात, काही उचलायचं आहे का. मी त्याच्या पायांकडे बघितलं. गुळगुळीत तळव्याचे शहरी बूट.

"नंबर किती?" मी विचारलं.

तो गोंधळला, जोडीदाराकडे बघितलं, मग म्हणाला, "४२."

नमदे दोन घातले, एकावर एक. चालले.